सीलसारखं रक्त

प्राणिसंग्रहालयात सीलचा हौद घासणाऱ्या ताईचं डोकं सकाळपासून तापलं होतं. तिचा धाकटा भाऊ गोदीत बोटींचे तळ खरवडायचा; पाण्याखाली, नुसत्या दमावर. काल तो खालीच बेशुद्ध झाला. सोबत्याने केसांना धरून वर ओढलं, म्हणून वाचला. आणि आज स्वारी पुन्हा कामाला निघाली होती.

"गोदीत मला सील म्हणतात, ते काय उगाच?" बुटाची नाडी बांधत तो म्हणाला.

"म्हणणाऱ्यांचं काय जातंय? सील बुडी मारण्याआधी श्वास सोडून देतो. तू भात्यासारखा भराभरा ओढत बसतोस. त्याने दम वाढत नाही, गुदमरल्याचं कळेनासं होतं. काल कळलं का तुला, शुद्ध कधी गेली ते?"

त्याने दुसरा बूट ओढला.

"त्याचा प्राणवायू रक्तात नि मांसात साठलेला असतो. बुडी मारली की काळीज मंदावतं, हातापायांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि ते मेंदूला पुरतं. देवाने त्याला दिलंय ते. तुला डोकं दिलंय. ते वापर."

"हौद घासून घासून डॉक्टरीण झालीस की."

"डॉक्टरांनी मेलेला सील फाडला तेव्हा बादली मी धरली होती. मांस काळंभोर होतं, प्राणवायू साठवणारं. तुझं तसं आहे?"

तो चहा न घेताच निघून गेला. ताईने देवापुढे हात जोडले, पण राग काही उतरेना. रजा सांगून ती तडक गोदीवर गेली.

पाण्यात उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा आणि तो वरच्याने धरायचा, असा तिथला नियम. भावाचा दोर मात्र खुंटीलाच लटकलेला. म्हणे, बोटीच्या पंख्यात अडकतो. ताईने तो काढून स्वतः त्याच्या कमरेला गाठ मारली.

"सीलला दावं लागलं रे," कुणीतरी हसलं.

"हसणाऱ्याने काल कुठे तोंड लपवलं होतं?" ताईने विचारलं. हसू विरलं.

भाऊ लालबुंद होऊन पाण्यात शिरला. ताईने रोजची प्रार्थना मनात सुरू केली. ती संपली तशी तिने दोर खेचला, हिसका देऊन, दोन्ही हातांनी.

तो फणफणत वर आला. "अजून दम होता माझ्यात. चारचौघांत शोभा केलीस."

"होता, म्हणून तर भांडतोयस." ताईने दोराचा वेढा मनगटाला घेतला. "आता बस जरा. सावकाश श्वास घे."