अर्थिंगच्या खड्ड्याचं पाणी

दुष्काळाच्या त्या साली आष्टी तालुक्यातल्या एका माळावर सेवा सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. गहिनीनाथ आपल्या म्हशी घेऊन तिथंच राहायला आला, आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त त्रिंबक शेजारच्या दावणीला.

गहिनीनाथ वायरमन. तरुणपणी तो जत्रेत येणाऱ्या तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव हिंडलेला. इंजिन सांभाळायचं, वायर ओढायची, आवाजाचे कर्णे बांधायचे. पुढं घरोघरी टीव्ही आले, तंबूचा धंदा बसला, आणि तो गावी परतून घरांचं फिटिंग करू लागला. गावातल्या कितीतरी घरांत पहिला दिवा त्याच्या हातचा. त्रिंबकला त्याचं लई कौतुक, पण तोंडावर कधी बोलायचा नाही.

छावणीत चारा टाकून झाला की दुसरं काम नसे. एका संध्याकाळी दोघं बाजेवर बसले होते.

"जुन्या गाण्यात पेटीचा सूर कसा सुटा ऐकू यायचा," त्रिंबक म्हणाला. "आता नुसता दणदणाट."

"त्यो कर्ण्याचा गुण बे. कर्णा मीच बांधायचो."

"मग माझ्या घरी पंखा लावला की रेडू खरखरतो, ते कावून?"

"रेग्युलेटर हलका बसिवलास तू. मला इचारलं असतंस तर..."

गहिनीनाथ बोलता बोलता थांबला. समोर त्याची म्हैस हौदाशी गेली होती. दिवसभराची तहानलेली, पण पाण्याला तोंड लावलं की झटक्यानं मागं सरत होती. हौदाला लागूनच दिव्याचा लोखंडी खांब, आणि खाली चिखल. छावणीतलीच तुळजाबाई बादली घेऊन तिकडंच निघाली होती.

"तुळजाबाई, जागेवर थांब!" असं ओरडत तो म्हातारा पत्र्याच्या शेडकडं धावला आणि त्यानं मेन स्विच पाडला. अंधार झाला. पत्र्याच्या धारेवर घासून वायर उघडी पडली होती आणि करंट खांबातून ओल्या जमिनीत उतरला होता.

सोसायटीचे चेअरमन भगवानराव धावत आले. "गहिनीनाथ, आता सगळं तुमीच बघा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी वायर नव्यानं ओढली. त्रिंबकनं अर्थिंगसाठी खड्डा खणला. त्यात पत्रा, कोळसा, मीठ घातलं. पण जमीन खोलवर कोरडी ठणठणीत. गळलेला करंट माणसाला न लागता खोल जमिनीत जिरायचा तर खड्डा ओला पाहिजे, आणि टँकर एक दिवसाआड येई.

"लोकांना प्यायला पुरंना," भगवानराव म्हणाले. "खड्ड्यात वता म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

"कुणाला सांगू नका," गहिनीनाथ म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं आंघोळ बंद केली. वाट्याला येणारं आंघोळीचं पाणी रोज सकाळी खड्ड्यात ओतायचा आणि ओल्या पंच्यानं अंग पुसून घ्यायचा. त्रिंबकच्या हे लक्षात आलं.

"वास येतो बे तुझा."

"म्हशीची तक्रार न्हाई. तुझीच कशी?"

त्रिंबक हसला. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथच्या मागोमाग तोही आपला तांब्या घेऊन गेला. दोघं मिळून काय ओततात, हे बघायला तुळजाबाई आली. गहिनीनाथनं तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं वाकून खड्ड्यात बघितलं.

"धुणं पिळलेलं पाणी चालंल का? साबणाचं हाय. जनावरं तोंड लावत न्हाईत, आमी फेकूनच देतो."

गहिनीनाथनं कपाळाला हात लावला. "चालंल की. नुसती ओल पायजे. माझ्या डोक्यातच आलं न्हाई बघ."

मग सगळ्या बायका धुण्याचं पाणी तिथं आणून ओतू लागल्या. गहिनीनाथ बऱ्याच दिवसांनी आंघोळ करून आला, तेव्हा त्रिंबकनं त्याच्यासाठी चहा सांगितला. पाऊस पडून छावणी उठेपर्यंत तिथं कुणा माणसाला की जनावराला करंट लागला नाही.

हल्ली गावात पाहुणा आला, की त्रिंबक ही हकिकत रंगवून सांगतो. गहिनीनाथ शेजारीच बसलेला असतो. हौद, म्हैस, खांब इथवर गोष्ट आली की तो अवघडतो आणि मध्येच तोडतो.

"ते ऱ्हाऊ दे. आपुन तंबूत बघितलेल्या त्या सिनेमात हिरोनी उडी मारली ती इहीर खरी हुती, का पडद्यावर रंगिवलेली?"

"रंगिवलेली," त्रिंबक म्हणतो, आणि गोष्ट जिथं तुटली तिथून पुन्हा सुरू करतो.