जोडणाऱ्यानंच बोलायचं

जे कमी बोलतात त्यांच्याकडे किस्से फार साठतात. बोलणारा माणूस आपला किस्सा सांगून मोकळा होतो आणि पुढच्या रविवारी तोच थोडा फुगवून पुन्हा सांगतो. ऐकणाऱ्याकडे मात्र दोन्ही राहतात, आधीचाही आणि फुगवलेलाही. मी दहावीत आहे. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज पुढच्या बाकापलीकडे जात नाही. त्यामुळे माझ्याकडे बरेच साठलेत.

हे सगळे किस्से बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका माडीवरचे आहेत. दर रविवारी सकाळी तिथे चार मोठी माणसं जमतात आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून जोडलेल्या स्पोर्ट्स कारवर बोलतात. 'खेळणं' म्हटलेलं त्यांना चालत नाही. 'मॉडेल' म्हणायचं.

माडी वकीलकाकांची, म्हणून अध्यक्षपणही त्यांचंच. दुसरे पिरनवाडीचे डॉक्टर, दातांचे. घट्ट बसलेला ठोकळा ते दवाखान्यातल्या हत्याराने काढतात. तिसरे निपाणीचे शशीअण्णा, घरचा तंबाखूचा व्यापार. चौथे माझे आप्पा, माडीवरचे मारुती. आम्ही कंग्राळीचे. घरची शेती आहे आणि आप्पा बँकेत आहेत. पाचवी मी, पण मला कुणी मोजत नाही.

माडीवर नियम एकच. जोडणाऱ्यानंच बोलायचं. नवी गाडी टेबलाच्या मधोमध ठेवायची, ज्यानं जोडली त्यानं उभं राहायचं, दारं उघडायची, स्टेअरिंग फिरवायचं, गियर टाकून दाखवायचा. बाकीच्यांनी विचारायचं, त्यानं सांगायचं. मग गाडी काचेच्या कपाटात त्याच्या कप्प्यात जाते. प्रत्येकाचा एक कप्पा आहे.

आप्पांच्या कप्प्यातल्या सगळ्या गाड्या मी जोडलेल्या आहेत.

*

हे कुणी ठरवून केलं नाही. पहिला बॉक्स आप्पांनी स्वतःसाठीच आणला होता. पण त्यांना जवळचं कमी दिसतं आणि चष्मा लावायला ते तयार नव्हते. ठोकळे जोडायची काळी पीन आणि गडद करडी पीन त्यांना सारखीच वाटायची. म्हणून पिना मी शोधून द्यायला लागले. मग ते म्हणाले, "तूच बसव की, मी बघतो." मग ते बघता बघता टीव्हीकडे बघायला लागले.

गाडी झाली तेव्हा आप्पा खूप खूष झाले. आईला बोलावून दाखवली. "बघ, कशी झालीया!" म्हणाले. कुणी केली ते आईला दिसतच होतं, कारण जेवायला बसताना माझ्याच बोटांना पिनांचे वळ होते.

रविवारी माडीवर वकीलकाकांनी विचारलं, "मारुती, गियरबॉक्सनं त्रास दिला असेल की?"

आप्पा म्हणाले, "लई."

खोटं ते बोललेच नाहीत. त्रास झालाच होता. कुणाला झाला, हे कुणी विचारलं नव्हतं.

मला तेव्हा वाटलं, पुढच्या वेळी सांगतील. मला कप्पा नको होता, टाळ्याही नको होत्या. त्या माडीवर एकदा, सगळ्यांसमोर, 'ही सानिकानं जोडली' एवढं आप्पांनी म्हणावं, इतकंच हवं होतं. पुढच्या वेळी आप्पांनी आदल्या संध्याकाळी गाडीबरोबर आलेली पुस्तिका माझ्याकडून समजून घेतली आणि रविवारी माझ्यापेक्षा छान सांगितलं.

*

शशीअण्णांच्या कप्प्यात गाड्या नाहीत, बॉक्स आहेत. सीलबंद. ते उघडतच नाहीत. त्यांच्या मते उघडलेल्या बॉक्सची किंमत संपते. नवा बॉक्स आला की ते तो कानाशी धरून हळूच हलवतात आणि इतरांच्या कानाशीही धरतात. मग सगळे माना डोलवतात. आतून सगळ्या बॉक्सचा आवाज सारखाच येतो.

नियमाप्रमाणे न जोडलेल्या गाडीवर कुणीच बोलू नये. पण भडंग आणि भजी शशीअण्णा आणतात, म्हणून त्यांना सूट आहे. सगळ्यात जास्त तेच बोलतात.

एकदा ते माझ्याकडे बघून आप्पांना म्हणाले, "पोरीला कशाला घेऊन येतोस रं? कंटाळा येत असंल तिला. तिला ह्यातलं काय कळतंय?"

मी तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या बॉक्सकडे बघत होते. बॉक्सवरच्या चित्रात गाडीचा मागचा पंख वर उचललेला होता. तो आतून कसा उचलला जात असेल, हे मला बाहेरून समजलं होतं. त्यांना ते कधीच समजणार नाही.

*

नंबर प्लेटचं भांडण झालं ते आप्पांच्या लाल गाडीवरून. शशीअण्णांनी कोल्हापूरहून हौसेनं छोटे स्टिकर छापून आणले होते. सगळ्यांवर MH 09. त्यातला एक त्यांनी न विचारता लाल गाडीला चिकटवला.

वकीलकाका म्हणाले, "हे टेबल बेळगावात आहे. KA 22 लागेल."

"टेबल तुमचं असंल, मन कुठलं हाय ते सांगा की," शशीअण्णा म्हणाले.

"मनाला पासिंग लागत नाही. गाडीला लागतं."

मग दोघं अशा गोष्टी बोलले ज्या मी घरी आजोबांकडून ऐकल्यात. मोर्चे, पाट्या, कुणाच्या काकांनी कधी लाठी खाल्ली. डॉक्टर मधे पडले आणि म्हणाले की गाडी इटलीची आहे. त्यावर दोघंही त्यांच्यावर ओरडले. शशीअण्णा भज्यांची पिशवी उचलून निपाणीला निघून गेले आणि बरेच रविवार आले नाहीत.

तोडगा डॉक्टरांनी काढला. गाडीला नंबरच नको. शोरूममधून नुकतीच आली असं समजायचं. सगळ्यांना ते पटलं, शशीअण्णाही परत यायला लागले. स्टिकर काढायला आप्पांनी गाडी माझ्याकडे दिली. तो काढताना लाल रंगावर चिकट डाग राहिला. तो अजून आहे. दोन्ही बाजूंना वाटतं की तो दुसऱ्यानं पाडला.

*

डॉक्टरांनी रिमोटवर चालणारी गाडी जोडली, तो दिवस सगळ्यांना आठवतो. त्यांनी ती टेबलावर ठेवली, नियमाप्रमाणे उभे राहिले, दोन वाक्यं इंग्रजीत बोलले आणि पुढे जायचं बटण दाबलं. गाडी मागे गेली. मागे चहाचे कप होते.

डॉक्टरांनी पुन्हा बटण दाबलं. गाडी आणखी मागे गेली. "बॅटरी उलटी असेल," वकीलकाका म्हणाले. शशीअण्णांनी रिमोट हलवून कानाशी धरला.

मला दिसलं होतं. मागच्या चाकांच्या मधला, त्यांना फिरवणारा डिफरन्शियल उलट्या बाजूनं बसला होता. हे सुरुवातीलाच चुकतं आणि सगळी गाडी झाल्यावर कळतं. मी आप्पांच्या कानात हळूच सांगितलं, म्हणजे ते डॉक्टरांना सांगतील की ही काय म्हणते बघा.

आप्पा मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, डिफरन्शियल उलटा बसलाय तुमचा."

डॉक्टरांनी गाडी उलटी केली, बघितलं, आणि आप्पांना हात जोडले. वकीलकाका म्हणाले, "मारुती, तू बँकेत वाया गेलास. इंजिनिअर व्हायचास." त्या दिवसापासून माडीवर आप्पांना सगळे इंजिनिअरच म्हणतात. आणि त्या दिवसापासून कुणी अवघड काही विचारलं की आप्पा मान थोडी माझ्या बाजूला कलती करतात. बघणाऱ्याला वाटतं, विचार करतायत.

घरी जाताना त्यांनी मिठाईच्या दुकानासमोर स्कूटर थांबवून मला कुंदा घेऊन दिला. मला कुंदा आवडत नाही. लहानपणापासून नाही. मी तो खाल्ला.

*

काकतीजवळ हायवेवर खरी स्पोर्ट्स कार थांबली होती, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना फोन केला. लाल, अगदी आमच्या मॉडेलसारखी. कपाटातून मॉडेल काढून सगळे धावत गेले. मीही मागे बसून गेले.

गाडीवाला गोव्याकडे निघालेला पुण्याचा तरुण मुलगा होता. चहा पीत होता. तो मात्र खरंच चांगला माणूस निघाला. त्यानं मॉडेल हातात घेतलं, दार उघडलं, बॉनेट उघडलं, आणि विचारलं, "हे कुणी बनवलंय?"

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारीच होते.

"मीच," आप्पा म्हणाले.

त्यानं आप्पांना खऱ्या गाडीत बसवलं, मांडीवर मॉडेल दिलं आणि फोटो काढला. तो फोटो अजून आप्पांच्या व्हॉट्सॲपला आहे. नीट बघितलं तर कडेला माझं कोपर आलंय.

*

वकीलकाकू माडीवर फक्त चहा द्यायला येतात. एकदा सगळे गॅलरीत गेले होते आणि मी कपाटासमोर उभी होते. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या त्या हिरव्या गाडीचं दार मागं एकदा धूळ पुसताना माझ्याकडनं निखळलं. मीच बसवलं परत. ह्यांना अजून कळलेलं न्हाई."

मी बघितलं. दार बरोबर बसलं होतं. मी तसं त्यांना सांगितलं.

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मारुतीच्या गाड्या तू करतीस व्हय गं?"

मी मान हलवली.

"मग बोलत का न्हाईस?"

मी म्हटलं, मला बोलायला जमत नाही.

"मलापण वाटायचं, मला जमत न्हाई म्हणून," काकू म्हणाल्या आणि कप गोळा करून खाली गेल्या.

*

आता शेवटचा.

ह्या उन्हाळ्यात मी एक गाडी माझ्या मनानं केली. बॉक्समधली नाही. आप्पांनी कपाटातली जुनी पिवळी गाडी घरी आणून दिली, ती मी मोडली आणि तिच्या भागांतून ही जोडली. बुटकी, पुढून लांब, अशी गाडी कुठल्याच कंपनीची नाही. कितीदा तरी मोडली. स्टेअरिंग बसेना, कारण पुढे इंजिन आणि स्टेअरिंगच्या दांड्याला वाट नाही. ते जमलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आईला कळलं नाही, पण तिनं गॅस बंद करून ऐकलं.

ह्या गाडीची पुस्तिकाच नव्हती. आप्पांना आदल्या संध्याकाळी समजून घ्यायला काही नव्हतं.

रविवारी स्कूटरवर मी मागे बसले होते. मागे बसलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळे मला बोलता येतं. मी म्हटलं, "आप्पा, ह्या खेपेला माझं नाव सांगा."

आप्पा म्हणाले, "सांगतो की. त्यात काय."

आणि त्यांनी सांगितलं. गाडी टेबलावर ठेवली, उभे राहिले, म्हणाले, "ही माझी न्हाय. ही सानिकानं केलीया. मनानं."

 मग शशीअण्णांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हणायचं बाप! एवढी गाडी करायची आणि नाव पोरीचं लावायचं. आमच्यात न्हाय एवढं मन."

डॉक्टरही म्हणाले की मुलींना असंच प्रोत्साहन दिलं पाहिजे. आप्पा म्हणाले, "न्हाय न्हाय, खरंच." त्यावर सगळे हसले. सगळ्यांबरोबर आप्पाही थोडे हसले.

मग डॉक्टरांनी गाडी उचलून खालून बघितली. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "इंजिनिअर, इंजिन वाटेत असताना स्टेअरिंग पुढं नेलंस कसं?"

आप्पांनी मान माझ्या बाजूला कलती केली.

मी काही पुटपुटले नाही. आप्पांचा कान तसाच माझ्याजवळ राहिला. सगळे वाट बघत होते. खाली रस्त्यावरून भाजीवाला गेला, त्याचं कन्नडमधलं ओरडणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग आप्पांनी मान सरळ केली आणि म्हणाले, "तिलाच इचारा."

चौघांनी माझ्याकडे बघितलं.  मी टेबलाजवळ गेले आणि उभी राहिले, नियमाप्रमाणे. मी सांगितलं की दांडा सरळ न नेता इंजिनच्या डाव्या बाजूनं नेलाय. मधे दोन ठिकाणी वळणारे जोड आहेत. बाजूला नेताना एक गियर लागला, त्यामुळे चाकं उलटी वळायची, म्हणून पुढे आणखी एक गियर टाकलाय. तो बसावा म्हणून इंजिन एक ठोकळा मागे घेतलंय, आणि गाडी पुढून लांब दिसते ती त्यामुळे. मी दार उघडलं, स्टेअरिंग फिरवलं, चाकं वळली. माझा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मी एकदाही अडखळले नाही.

बोलून झाल्यावर मी हात मागे घेतले.

वकीलकाका खूष होऊन आप्पांकडे वळले. "काय सुंदर पाठ करून घेतलंस रे पोरीकडनं!"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"व्हय," आप्पा म्हणाले.