शांत खोलीचं उद्घाटन

गळीत हंगामातला पहिला सोमवार, सकाळ. हजर: साखर कारखान्याच्या गट ऑफिसची हेडक्लार्क म्हणजे मी, शेतकी अधिकारी, शिपाईमामा, चेअरमनसाहेब, दोन हलगीवाले आणि आपल्या उसाला तोड कधी मिळणार हे विचारायला आलेले पंधरा-वीस शेतकरी. नवी क्लार्क हजर होती, पण दिसत नव्हती. गैरहजर: शांतता, जिच्यासाठी हे सगळे जमले होते.

नव्या क्लार्कनं रुजू होतानाच मला सांगितलं होतं, "मॅडम, मला ऑटिझम आहे. गलका झाला की डोकं चालत नाही. आधीच्या दोन नोकऱ्या त्यापायी सोडल्या. इथं महिनाभर बघते, जमलं तर राहते." इतकं स्वच्छ आमच्या ऑफिसात आजवर कोणी बोललं नव्हतं. उसाच्या नोंदी ती नीट करायची, आणि चहाच्या वेळी अधिकाऱ्यांच्या चारोळ्यांवर खरं मत द्यायची. आम्ही बाकीचे वर्षानुवर्षं 'वा' म्हणत आलो होतो. मला ती जायला नको होती.

म्हणून मी यादी केली: जुन्या दप्तराची खोली रिकामी करणे, जाड पडदा, एक खुर्ची, आतून कडी. गलका वाढला की तिनं आत जाऊन बसावं. खोली झालीसुद्धा. पण आमच्याकडं पाण्याची टाकी असो की सायकलस्टँड, नारळ फुटल्याशिवाय ती वापरात येत नाही. नारळ म्हणजे चेअरमनसाहेब. साहेब म्हणजे माईक. माईक आला तसे मामा म्हणाले, "मंग हलगी नगं व्हय? दहाव्याला आल्यावानी गप उभं ऱ्हायाचं का?" मामांची सासुरवाडी फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याची, त्यामुळं माळ सांगावीच लागली नाही. मीही यादीत 'फीत, कात्री' वाढवून मोकळी झाले.

सोमवारी हलगी कडाडली, माळ पेटली, अधिकाऱ्यांनी माईकवर 'हॅलो, हॅलो' केलं. धूर निवळल्यावर साहेबांनी फीत कापली आणि दार ढकललं. दार उघडेना.

"कुलूप हाय का काय?" साहेब म्हणाले.

मामांनी फटीतून पाहिलं. "न्हाय साहेब, त्या बाई आत हायेत. माळ पेटली तवाच फितीखालून गेल्या."

आतून आवाज आला, "अजून किती भाषणं आहेत?"

अधिकाऱ्यांनी कागद पाहिला. "तीन."

"मग मी बसते."

साहेब एवढे हसले की त्यांनी स्वतःचं भाषण रद्द केलं, आणि त्यांचं रद्द झाल्यावर बाकीच्या दोघांना तोंड उरलं नाही. हलगीवाले चहाला गेले. तेव्हा कडी निघाली. "लई हुशार पोरगी," म्हणत साहेबांनी तिच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. कौतुकाची त्यांची हीच रीत, बैलाला आणि आमदाराला सारखीच. तिचा चेहरा पांढरा पडला. ती जागेवर जाऊन बसली.

दुपारी मी भीतभीतच विचारलं, "राहणार ना?"

"खोली चांगली आहे," ती म्हणाली. "पण आधी मला विचारलं असतं, तर खोली लागली नसती. माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट घूं करते, ती बदला. शेतकरी टेबलाभोवती कडं करून एकदम बोलतात, त्यांना एकेक पाठवा. आणि साहेबांना सांगा, थाप नको. ते मी सहन करणार नाही. परत बसली तर त्या दिवशी माझा राजीनामा."

ट्यूब मामांनी संध्याकाळच्या आत बदलली. दाराबाहेर बाक टाकला. एक आजोबा बाकावर टेकत म्हणाले, "आता बसून वाट बघायची म्हणा. आजवर उभ्यानं बघत हुतो." आता गलका कमी असतो, नोंदी भराभर होतात. खोलीत सध्या दुपारी अधिकारीच सापडतात. डोकं दुखतंय म्हणतात, पण घोरणं बाहेर ऐकू येतं.

राहिली थाप. अधिकारी म्हणाले, "मॅडम, साहेब तुमचं ऐकतात." माझं घरचं मांजरसुद्धा ऐकत नाही. मामांना विचारलं, तर त्यांना त्याच क्षणी पोस्टात जायचं आठवलं. शेवटी तीच म्हणाली, "मीच सांगते ना," तेव्हा मात्र आम्ही तिघंही एका सुरात नको म्हणालो, कारण तिच्या खऱ्या मतानं चारोळ्यांचं काय झालं ते आम्हाला माहीत होतं.

साहेब उद्या येणार आहेत, तेही कौतुकाला, कारण नोंदी वेळेआधी झाल्या. यादीत ओळ तशीच आहे: साहेबांना थापेचं सांगणे. समोर अधिकाऱ्यांनी माझंच नाव लिहून ठेवलंय.