गाडीच्या टपावरचा मलिदा

पप्पांना नकाशा वाचता येत नव्हता आणि मला धीर धरता येत नव्हता. अशी आमची जोडी पुढच्या सीटवर, मागे आई, आणि तिच्या शेजारी फडक्याखाली झाकलेलं मलिद्याचं ताट. अश्केलोनहून हैफाला जायला अक्कल लागत नाही. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि नाकासमोर जायचं. तरी आम्ही चुकलो.

पप्पा नवस बोलले होते. आईच्या पोटातली गाठ नीट निघू दे, हैफाला एलियाहू हन्नाबीच्या, एलिया प्रेषिताच्या, गुहेत येऊन मलिदा करीन. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत काही चांगलं झालं की मलिदा होतोच. भिजवलेले गोड पोहे, भरपूर ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. कोकण सुटलं, मुंबई सुटली, पोहे काही सुटले नाहीत.

ऑपरेशनचं खरं काय झालं, ते त्या गाडीत फक्त मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा शिवून टाकलं. काढण्यापलीकडे गेलं होतं. हे सगळं त्यांनी आईच्या खाटेशी उभं राहून भराभर हिब्रूत सांगितलं. आईपप्पांचं हिब्रू भाजीबाजारापुरतं, त्यामुळे दोघं डॉक्टरांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "गाठ काढली. सगळं ठीक आहे." पप्पा तिथेच भिंतीकडे तोंड करून रडले. उद्या खरं सांगू, असं मी मनाशी म्हटलं. उद्या उजाडला तेव्हा पप्पा नवस फेडायला कधी जायचं ते विचारत होते.

तर आम्ही चुकलो. गुहा डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून आहे. पण पप्पांचं म्हणणं, नबी म्हणजे वरच असणार. "घे उजवीकडे. चढ सरळ." मी चिडून घेतलं उजवीकडे. कार्मेलच्या चढावर आमची जुनी गाडी अशी तापली की बॉनेटमधून इडलीपात्रासारखी वाफ यायला लागली. आईनं प्यायचं पाणी पुढे केलं, ते रेडिएटरला पाजलं. तेवढ्यानं भागेना म्हणून पप्पांनी स्वतःसाठी आणलेलं लिंबू सरबतही ओतलं. ऊन उतू चाललं होतं. "गाडीत खोबरं आंबेल," म्हणून पप्पांनी ताट बाहेर काढून पाइनच्या सावलीत, टपावर वाऱ्याला ठेवलं.

अर्ध्या तासानं इंजिन सुरू झालं. ते पुन्हा बंद पडेल या धास्तीनं मी ओरडले, "बसा, बसा लवकर! नंतर बघा काय ते!" पप्पा धावत येऊन बसले.

पहिल्याच वळणावर वरून काहीतरी खणखणत गेलं. आरशात बघते तर ताट रस्त्यावरून एकटंच उतरत होतं आणि पोह्यांचा सडा पडला होता. गाडी थांबवून आम्ही मागे पळालो, तोवर वरच्या गावातल्या शेळ्या पोचल्या होत्या. पप्पा रुमाल हलवत त्यांच्यावर मराठीत ओरडत होते, "हाड! अगं, नवसाचं आहे ते!" शेळ्यांना मराठी कुठून येणार? एकीनं तर मान वर करून त्यांच्याकडे बघत सावकाश खजूर चावला.

आई गाडीला टेकून हसत होती. टाक्यांवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, राहू द्या. नबीनंच पाठवल्यायत त्या." मीही हसले. इतकी हसले की पुढे रडले, आणि ते कुणाला कळलं नाही.

गुहेत शेवटी आम्ही सीटखाली घरंगळलेली दोन केळी आणि एक सफरचंद घेऊन गेलो. पप्पा ओशाळले होते. आई मात्र खुशीत होती.

चार महिन्यांत आई गेली. शिवाचे, म्हणजे आमच्या सुतकाचे, सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "मी ताट टपावर ठेवलं, बाय. नवस फेडलाच नाही आपण."

"तसं काही नसतं, पप्पा."

"नसतं कसं? डॉक्टरनं गाठ काढली होती की. बरी झाली होती ती. मग?"

त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे होतं. एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. पण त्याच वाक्यात त्यांना हेही कळलं असतं की त्यांच्या बायकोला मरताना तिच्या मुलीनं फसवलं, आणि त्यांनाही. मी उठून चहा करायला गेले. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

त्यानंतर पप्पा दर वर्षी हैफाला जायचे. मलिदा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डब्याला सुतळीचे तीन फेरे, आणि डबा अश्केलोनपासून मांडीवर. वाटेत खाण्यासाठीसुद्धा तो खाली ठेवायचे नाहीत. मी गाडी चालवायचे. प्रत्येक वर्षी ठरवायचे, आज सांगायचं. नेतान्या यायचं, हदेरा यायची, डावीकडे समुद्र असायचा, आणि मी पेट्रोलबद्दल बोलायचे.

शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले होते. गुहेच्या पायऱ्यांशी ते थांबले. कठडा धरायला हात मोकळे हवे होते. त्यांनी बराच वेळ डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे दिला.

"दोन्ही हातांनी धर, बाय," ते म्हणाले. "माझ्यासारखं करू नकोस."

मी दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्यामागून एकेक पायरी चढत गेले.