बाबूचा घसा, माझी पाठ

मल्लम्माचं नाव आधी लिहिते. तिला मराठी वाचता येत नाही आणि मलाही धड लिहिता येत नाही, चौथीतच शाळा सुटली. पण तिनं आपल्या चटईवर जागा दिली नसती, तर माझं काय झालं असतं कोण जाणे. म्हणून आधी तिचं नाव, मग माझं दुखणं.

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या त्या अंगणात मला उभं केलं होतं. ओट्यावर शेजारच्या बाया, बदलीचं ऐकून बाईसाहेबांना भेटायला आलेल्या. हैदराबाद राज्य फुटलं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमच्या साहेबांची नेमणूक औरंगाबादेला झाली. बाईसाहेबांच्या हातात कपडे वाळत घालायची काठी. त्या काठीनं त्यांनी माझं पोलकं मागून वर उचललं. हात लावला नाही. काठीनं.

"फीर. सगळ्यांना दाखव."

फिरले. पाठभर लाल ठिपके, मसुरीच्या डाळीएवढे, वर पांढरा कोंडा. पोटावर तसेच, दंडावर तसेच.

"रक्तपिती गं बाई, महारोग!" एकीनं पदर नाकाला लावला.

दुसरी म्हणाली, "आणि लेकरू हिच्या कडेवर देता? धन्य तुमची."

"साहेबांना सुधारणेचं वेड ना," बाईसाहेब म्हणाल्या. "म्हणे जात मानायची नाही. घ्या आता. बघा काय आणलं घरात."

कुणीतरी हसलं. माझं वय बारा-तेरा. पोलकं काठीवर, मला ते खाली ओढायचा धीर होईना. दिवस मावळायच्या आत मला फाटकाबाहेर काढलं.

रडू आलं ते लाजेनं नाही. साहेब मला गाडीनं बरोबर नेणार होते, परभणीला उतरवणार होते. तिथून माझं गाव चालत जाता येतं. गावात माय. मामानं या घरी मूल सांभाळायला आणून सोडलं त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. काचीगुड्याच्या गाडीची शिट्टी त्या अंगणात ऐकू यायची. प्रत्येक शिट्टीला मी मनात गाडीत बसायचे.

मल्लम्मा त्याच घरी भांडी घासायची. तेलुगू बाई, एकटी, अफझलगंजाच्या मागं नदीकडं तिची खोली. हात धुऊन ती माझ्यामागं बाहेर आली.

"चल पिल्ला. मेरे घर."

"मला रक्तपिती आहे म्हणतात."

"बोलने दे. उनका मुँह है."

एका ताटात दोघी जेवलो. मला काय झालंय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही. तरी एका ताटात.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे मिटायला लावले आणि एकेका डागावर कापूस फिरवला, महारोगाचा डाग बधिर असतो म्हणून. लागतंय का? लागत होतं. सगळीकडं लागत होतं. मग म्हणाला, तोंड उघड, आ कर.

मल्लम्मा तडकली. "साब, दाने पीठ पे हैं. मुँह में क्या ढूँढते?"

"दाने पीठ पे हैं अम्मा, चोर गले में है."

मग त्यानं विचारलं, मागच्या महिन्यात घसा दुखला होता? ताप होता? होता. थुंकी गिळता येत नव्हती. बाईसाहेब म्हणाल्या होत्या, नखरे करू नको. तुझ्या आधी घरात कुणाचा घसा दुखला? मी म्हटलं, बाबूचा. साहेबांचा चार वर्षांचा मुलगा. त्याला डॉक्टर घरी आला, सुई दिली, तो खेळायला लागला.

डॉक्टर म्हणाला, याला सोरायसिस म्हणतात. रक्तपिती नाही. कुणाला लागत नाही. काहींच्या अंगातच ते दडून असतं, आणि घशात जंतू बसले की असं पाठीवर उठतं. कातडीचं हे लागत नाही, पण घशाचं लागतं. खोकल्यातून लागतं, उष्ट्यातून लागतं. कुणाचं तुला लागलं ते छातीठोक सांगता येणार नाही. पण लागलं असणार घरातच.

मला ते वेगळं सांगायची गरज नव्हती. माझा पेला त्या घरात वेगळा होता, परसात पालथा. मी शिवलेलं पाणी चालत नव्हतं. पण बाबू माझ्याच हातानं व्हरांड्यात जेवायचा, आणि त्याचा चिवडलेला भात बाईसाहेब वरून माझ्या ताटलीत टाकायच्या. ताप होता तेव्हाही टाकला. "वाया कशाला घालायचा?" त्यांचं उष्टं आमच्या पोटात गेलेलं चालतं. आमचा हात त्यांच्या माठाला चालत नाही. विटाळ असा एकाच बाजूनं कसा चालतो? दवाखान्याच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा हे स्वतःला विचारलं. आणि डोकं तापलं ते अजून निवलं नाही.

सुया घेतल्या, काळं उग्र वासाचं मलम लावलं. हळूहळू ठिपके फिकट झाले. तेवढ्यात मल्लम्माजवळ बाईसाहेबांचा निरोप. बाबू कुणाच्या हातानं जेवत नाही. निघायचा दिवस आलाय. पोरीला पाठव.

मी धावत गेले. खोटं कशाला सांगू, धावत गेले.

"हात दाखव," बाईसाहेब म्हणाल्या. लांबूनच बघितले. "बरी झालीस की. चल, परभणीला सोडते तुला. आधी जेवून घे." आणि बाबूची ताटली माझ्याकडं सरकवली. वरणभात, अर्धा खाल्लेला. बाबू दारातून दोन्ही हात पसरत होता. त्याचा काय दोष.

मी बसले नाही. म्हटलं, "बाईसाहेब, ते दुखणं बाबूच्या घशातनं आलं होतं. तुमच्या घरातनं."

"आमच्या घरातनं? आमच्या घरात कसला रोग?"

"मला ताजं वाढा. नाहीतर मी येत नाही."

"ताजं? तुला?" त्या हसल्या. साहेब आतून म्हणाले, "जाऊ दे गं, अडाणी पोर आहे." सुधारणेचं वेड असलेले साहेब. बाहेरसुद्धा आले नाहीत.

एक घास खाल्ला असता तर परवा माय दिसली असती. मी फाटकातून बाहेर पडले. गाडी गेली.

आता मी जामबागेतल्या एका शाळेत झाडलोट करते. घसा धरला की अजून पाठीवर उठतं. दर वेळी नव्या माणसाला तेच सांगायचं, लागत नाही बाई, लागत नाही. सांगून सांगून जीभ दुखते. ऐकणारी तरी एक पाऊल मागं सरकतेच. सरकू दे. मी बाही खाली ओढत नाही. भीती वाटते, तरी ओढत नाही.

आणि मल्लम्मा, तू अजून चार घरांचं उरलेलं डब्यात आणतेस, आणि मीही तेच खाते. डॉक्टरच्या बोलण्याची मी आठवण करून दिली की हसतेस. "फिर क्या हवा खाते, पिल्ला?" पण पगार पक्का झाला की तू कुणाच्या मागल्या दारात डबा घेऊन उभी राहणार नाहीस. आपल्या चुलीवर शिजेल तेवढंच खायचं. कमी पडलं तर मी उपाशी राहीन, पण तो डबा बंद करीन. तुझं ऋण मी असंच फेडणार आहे.