भुलाबाईसारखा फोटो

आमच्या घरात मुलीचा फोटो एकाच कामासाठी काढत, पाहायला येणाऱ्यांकडे पाठवण्यासाठी. त्याआधी काढला तर नजर लागते, आणि त्यानंतर काढायचा की नाही ते सासरचे ठरवणार. म्हणून नागपूरच्या मामाने आपला जुना डबा कॅमेरा मला दिला तेव्हा मोठ्या मायने अट घातली, की घरातल्या पोरींवर तो रोखायचा नाही. मोठी माय म्हणजे बाबांची मोठी भावजय. तिच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती नव्हती, बाबांचीसुद्धा. मग मी कॅमेरा भुलाबाईवर रोखला.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं, भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळचं. भाद्रपद पौर्णिमेला घरोघर मुली भुलाबाई बसवत. कुंभाराकडून आणलेली वीतभर उंचीची मातीची बाई, शेजारी तिचा भुलोजी, मांडीवर बाळ गणपती. महिनाभर संध्याकाळी गाणी म्हणायची, झाकलेला खाऊ ओळखायचा, आणि कोजागिरी झाली की गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, सोडून यायचं. मला ते सोडून येणं कधी पटलं नाही. आमचा कुंभार दर वर्षी वेगळा चेहरा काढायचा. एका वर्षी नाक बसकं, एका वर्षी डोळे कानापर्यंत, एका वर्षी तर भुलाबाई नवऱ्यावर रुसल्यासारखी. एवढा चेहरा चिखलात घालायचा म्हणजे काय? मी ओढणीखाली फुटकी कुंडी नेऊन ती पाण्यात सोडायची आणि भुलाबाई परत आणून धान साठवायच्या ढोलीमागे लपवायची. हे फक्त ताईला माहीत होतं. ती माझ्याहून मोठी, अंगाने भरलेली, रंगाने काळी. सावळी नव्हे, काळी. घरात हे रोज कोणी ना कोणी बोलून दाखवायचंच, त्यामुळे मीही आडपडदा ठेवत नाही.

दसऱ्याला मामा रोल आणायचा. त्या कॅमेऱ्यातून जवळची वस्तू पुसट यायची, म्हणून गेलेल्या आजोबांच्या चष्म्याची काच काढून ताई ती कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढे धरायची. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पालथी पडायची. लोंब्या आलेलं धान खालून पाहिलं की जंगल उभं राहतं. त्यात भुलाबाई ठेवली की ती वीतभराची वाटत नसे. समोर बाबांचं पांढरं धोतर दोन काड्यांवर ताणायचं, म्हणजे ऊन त्यावर पडून तिच्या गालांवर उतरायचं. भंडाऱ्याहून फोटो धुऊन आले की आम्ही दोघी ते माडीवर जाऊन पाहायचो. काळ्या-पांढऱ्या कागदावर त्या मातीच्या बाया जिवंत वाटायच्या. मला माझा अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवत नसे.

ताईचं लग्न जमेना. सानगडीच्या एका घरून फोटो मागवला तेव्हा मोठी माय ताईला घेऊन भंडाऱ्याला फोटो काढायला निघाली होती. ताई म्हणाली, "लहानीच काढते ना फोटो. तिलेच काढू द्या." मोठी माय नाक मुरडून का होईना, कबूल झाली. तिथल्या फोटोवाल्याने आधीचे दोन फोटो जसेच्या तसे काढले होते, आणि दोन्ही नकारासोबत परत आले होते.

आम्ही धुऱ्यावर गेलो. ताईने चेहऱ्यावर पावडर थापली होती. ती बसली आणि म्हणाली, "मले तुया भुलाबाईसारखी काढ वो."

मी तशीच काढली. मला दुसरं येतच काय होतं? धोतर ताणलं, ऊन फिरवलं, तिला मान वळवायला लावली, आणि मी धुऱ्याच्या खाली पालथी पडले. फोटो आला तो कोणा वेगळ्याच मुलीचा. गाल उजळलेले, नाक सरळ, मागे धानाचं जंगल. ताईने तो इतका वेळ पाहिला की मोठ्या मायने तिच्या हातून ओढून घेतला. सानगडीहून आठवड्यात निरोप आला, की पाहायला येतो.

धान घरात आल्यावर ते आले. ताई चहा घेऊन बाहेर गेली, मी दाराआड. मुलाच्या आईने कप घेतला, ताईकडे पाहिलं, पिशवीतून फोटो काढून पाहिला, पुन्हा ताईकडे पाहिलं.

"हे कोन होय?" तिने मोठ्या मायला विचारलं. "फोटोतली पोरगी कोठी हाय? तिले बोलवा ना."

"हेच थे," मोठी माय म्हणाली.

बाई हसायला लागली. सोबतचे पुरुष हसले. मुलगाही हसला. ताई रिकामा ट्रे धरून उभी राहिली, कारण तिला आत जा असं कोणी म्हणालं नाही. फोटो हातोहात फिरला आणि प्रत्येक जण एकदा फोटो, एकदा ताई असं पाहत गेला. बाबा जमिनीकडे पाहत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी ताईला आत ओढायला बाहेर आले. तिथेच घात झाला. त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी गोरी होते, आईसारखी.

"लहानी देता काय?" ती म्हणाली.

मला कोणी विचारलं नाही. ताईलाही नाही. कप विसळायच्या आधी ठरलं. पाहुणे गेल्यावर मोठी माय ताईला म्हणाली, "बाहुल्याइचे फोटो काढता काढता तिनं तुले बी बाहुली करून टाकली, अन् तुहा नवरा घेऊन चालली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोलीमागची जागा रिकामी होती. मी बोडीवर धावले. ताई गुडघाभर पाण्यात उभी होती, काठावर टोपलं. इतक्या वर्षांच्या भुलाबाया ती एकेक उचलून पाण्यात धरत होती आणि अंगठ्याने त्यांचे चेहरे घासत होती.

"काहून वो ताई," मी म्हटलं.

तिने हातातली माझ्यासमोर धरली. "पाह्य. रंग निघाला का साऱ्याच काळ्या." मग ती सोडली आणि टोपल्यातली पुढची घेतली. मी काठावर बसून राहिले. तिला अडवायची माझी हिंमत झाली नाही, आणि अडवून मी तिला देणार काय होते?

माझ्या लग्नाला भंडाऱ्याहून फोटोवाला आला होता. ताई दिवसभर चुलीशी होती, त्याच्या एकाही फोटोत ती नाही.

नकार आला की मुलीचा फोटो परत देतात. आमच्याकडे नकार नव्हता, मुलगी नुसती बदलली होती, म्हणून ताईचा फोटो सानगडीलाच राहिला. सासूने तो पानाच्या डब्यात ठेवला होता. कोणी बाई भेटीला आली की पान लावता लावता तो बाहेर काढायची. "ओळखा पाहू, कोन होय? आमच्या सुनेची बहीन. फोटोत अशी दिसून राह्यली, अन् खरी पाहाल तं तव्याचं बूड." बाया हसायच्या, मी त्यांना पाणी द्यायची. दोन वर्षं मी पाणी दिलं. मग एका दुपारी सासू बाजाराला गेली असताना मी डबा उघडला आणि फोटो चुलीत घातला. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

ताईचं लग्न झालंच नाही. पुढे काही वर्षांनी ती तापाने गेली, तेव्हा माहेरून गडी आला. घरात तिचा एकही फोटो नव्हता, आधीचे दोन तिनेच फाडले होते. बाबांनी निरोप दिला होता, की तू काढलेला तो चांगला फोटो दे, भिंतीवर लावायचा आहे.

मी पेटी उघडली. आत भुलाबाईचे फोटो होते, दर वर्षीचे, सगळे चांगले आलेले.