कोळशानं लिहिलेले दगड

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. शब्द पाठ करण्याची जी रीत आमच्या भागात ‘सरांची रीत’ म्हणून चालते, ती माझी नव्हे.

बहात्तरच्या दुष्काळात मी भूमजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला नवा लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो. हेडमास्तरांचा हुकूम होता: प्रत्येक शब्द वहीत वीस वेळा लिहायचा आणि वही भरल्याशिवाय वार्षिक परीक्षेला बसायचं नाही. प्यायला पाणी नाही, घरात दाणा नाही, आणि ह्यांना भरलेल्या वह्या हव्यात! वीस वेळा लिहिलेला शब्द विचारला की पोरं तोंडाकडं बघत राहायची. मला हे रोज दिसत होतं. तरी मी सह्या करत होतो.

नववीतली एक मुलगी वही देईना. ती आईबरोबर खडी फोडायला जायची, म्हणून ताकीद द्यायला मी रस्त्याच्या दुष्काळी कामावरच गेलो. तिच्यापुढच्या दगडांवर कोळशानं अक्षरं होती. एका अंगाला इंग्रजी शब्द, दुसऱ्या अंगाला मराठी अर्थ.

“हे काय गं?”

“शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा, मग दगड उलटा करून बघायचं, सर. बरोबर आला तर फोडायचा. चुकला तर ढिगाच्या मागं टाकायचा. येतोय परत फिरून.”

मुकादम हसला. “गुरुजी, हिची खडी रस्त्यावर पडली की यष्टी बी विंग्रजीत बोलंल बघा!”

आई हसली नाही. “इचारा की तिला. वही कुठनं आणावी आमी?”

मी विचारलं. तीस शब्द. एकही चुकला नाही. ‘नेबर’चं स्पेलिंग तर तिनं हातोडा न थांबवता सांगितलं, वर्गात ते एकाला येत नव्हतं.

“मग बसू द्याल न्हवं परीक्षेला?” आईनं विचारलं.

“बघतो,” म्हणालो. काय डोंबल बघणार होतो! नोकरीच्या भीतीनं हेडमास्तरांपुढं तोंडच उघडलं नाही. वही नाही, सही नाही, परीक्षा नाही. जूनमध्ये ती शाळेत आलीच नाही.

पुढच्या वर्षी तपासणी लागली. सोसायटीच्या दुकानातली रिकामी खोकी आणून मी पुठ्ठे कापले आणि तीच रीत वर्गात लावली. आला तो बाजूला, चुकला तो मागं. साहेब खूश. “ही कल्पना कुणाची?”

“माझी, साहेब.”

त्याच वर्षी मी कायम झालो. तेव्हापासून शिक्षकांच्या शिबिरांना बोलावणी येतात, शाली मिळतात. हेडमास्तरांचा मला अजून संताप येतो. पण त्यांनी तिची वाट अडवली. मी वाटही अडवली आणि वर तिची अक्कलही चोरली.

परवा अशाच एका शिबिरात एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, “चुकलेला पुठ्ठा मागं ठेवायचं तुम्हाला कसं सुचलं, सर?” सगळे वह्या उघडून बसले होते. मी पाणी मागितलं आणि विषय बदलला.

दगडांवर शब्द लिहिणारी ती मुलगी आता परंड्याला असते, हे मला कधीचं ठाऊक आहे. तिच्या दारात जाऊन कबुली देणं आणि ज्या शिबिरांत ‘माझी’ म्हणालो तिथं ‘तिची’ म्हणणं, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.